आईच्या कवितांसाठी व्हायोलिन

दादा,

आईच्या कवितांवर मी छोटी फिल्म करतेय. पडद्यावर ती स्वयंपाकघरात बसून वाचते. तिच्या आवाजासोबत व्हायोलिनवर ऐनवेळी सुचेल ते वाजवायचं. तीन वादक वाजवून गेले. दर वेळी आईने मान हलवली.

"आपल्यासारखं नाही गं. दादाला विचारलंस?"

"विचारलं. नाही म्हणाला."

खोटं बोलले मी. तुला विचारलंच नव्हतं. तू घर सोडून गेलास आणि आईचं आजारपण माझ्या एकटीच्या गळ्यात पडलं, त्याचा राग होता.

काल तिची वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, ऐकू येतंय, पण फार दिवस नाहीत.

पत्र पोचायला आठवडा लागेल. हे इथेच ठेवते आणि फोन लावते. हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण व्हायोलिन घेऊन ये.

तुझी खोटारडी,
चिमी