बाईच्या वाट्याचं पाणी

१९ मार्च, लातूर
टँकर आला. हौदापाशी रांग. माझी घागर भरत असताना शेजारच्या पाटीलकाकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माणसाला प्यायला न्हाई अन् मॅडमच्या घरात समुद्र हाय." सगळे हसले. मी म्हटलं, काकू, खारं आहे ते, एकदा पिऊन बघा. चुकलंच. आता कॉलनीभर 'मॅडम खारं पाणी पाजायला निघाल्या'.

बाईला, म्हणजे माझ्या खाऱ्या टाकीतल्या तारामाशाला, दोन तांबे. फिल्टरच्या जारमधले, म्हणजे माझ्या न् वडलांच्या, आबांच्या, पिण्यातले. टाकीतलं मीठ टाकीतच राहतं, पाणी तेवढं उडतं, म्हणून वरून गोडंच घालावं लागतं. हे रांगेत समजावून सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली, "तेच की, गोडं पाणी" म्हणाले.

२३ मार्च
कॉलनीच्या सेक्रेटरींचा मेसेज, ग्रुपवर. "चैनीखातर पाणी वापरणाऱ्यांनी विचार करावा." नाव नाही. नावाची गरजच काय. त्याच सकाळी समोरच्या बंगल्यात पाइप लावून गाडी धुतली. ती चैन नाही. गाडीला तहान लागत असेल.

नांदेडला होते तेव्हा बँकेतले लोक पोरांना घेऊन तारामासा बघायला यायचे. बदली झाली तेव्हा बाईला बादलीत घातलं, बादली मांडीवर घेतली आणि जीपमध्ये बसले. अहमदपूर येईस्तोवर पाय बधिर. आबा तिला बघून म्हणाले होते, "हे कसलं जनावर. हंबरत न्हाई, बघत न्हाई." निळीशार, पाच हात, तोंड खाली. आता उठले की आधी टाकीपाशी जातात. देवणीची शेवटची गाय दिल्यापासून सकाळी उठून बघावं असं त्यांना काही उरलं नव्हतं.

२६ मार्च
ऊन भयंकर. टाकीतलं पाणी तापतंय. टेबलफॅन तिच्यावर लावला तर पाणी गार होतं पण दुप्पट उडतं. न लावला तर बाई शिजणार. लावला. आबा घामाघूम, ओला टॉवेल डोक्यावर. म्हटलं, आबा, फॅन तुमच्याकडे फिरवते. "राहू दे. दावणीचं जनावर हाय, आधी त्याचं."

सेक्रेटरी जिन्यात भेटले. मूळचे उदगीरचे, स्कूटरवर 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे'चं स्टिकर. मला म्हणाले, नवा जिल्हा झाला की पाण्याचं बघा कसं मार्गी लागतं. आबांना सांगितलं. ते म्हणाले, "उस्मानाबादातून लातूर फुटला तवा बी हेच म्हनले. बोर्ड बदलला. आड तोच."

३० मार्च
अर्धी बादली पाणी बदलावंच लागलं, फार दिवस टाळलं होतं. केस धुवायचं पाणी मीठ कालवून त्यात गेलं. काढलेलं जुनं पाणी जिन्यात ठेवलं, सकाळी गटारीत ओतीन म्हणून. सकाळी बादली रिकामी. नीट पालथी घालून ठेवलेली.

या उन्हाळ्यात जिन्यात बादली ठेवली की ती सगळ्यांचीच, कुणाचं धुण्याचं पाणी कुणाच्या कुंडीत जातं. पण विचारायचं तरी.

५ एप्रिल
काकूंचं लिंबू गेलं. पत्र्याच्या डब्यातलं, जिवापाड जपलेलं. पानं करपून खाली. दारात उभं राहून म्हणाल्या, "तुमच्या पान्यानं जळलं माझं झाड. काय औषध टाकता ओ त्यात?"
"आमचं पाणी तुमच्या झाडाला आलं कसं, काकू?"
"वाया जाईल म्हनून घेतलं. तुम्ही सांगायला नगं?"

सांगितलं होतं की. हौदापाशी, सगळ्यांदेखत. तेव्हा हसल्या होत्या.

संताप संताप झालाय. वर्ष झालं इथे येऊन. या बाईंनी आमच्याकडे घोटभर पाणी घेतलेलं नाही. दारासमोर बाबासाहेब न् बुद्धाचा फोटो आहे, तो दिसला की काकूंचा चहा नेमका आत्ताच झालेला असतो. आणि बादली मात्र अंधारात चालते. वर झाडाचं पाप माझ्या माथी. झाडाचं वाईट वाटलंच. ते काय कुणाची जात विचारत होतं.

८ एप्रिल
बाईच्या एका हाताचं टोक पांढरं पडलंय. वाळूतच पडून, काच चढत नाही. असं टोक पांढरं पडून पुढे पूर्ण विरघळलेले तारामासे मी पाहिले आहेत. लाइट दुपारभर नव्हती, फॅन बंद. बँकेत आकड्यांवर लक्ष नाही. भीती वाटते.

१० एप्रिल
कमिटी आली. सेक्रेटरी, आणखी दोघे, मागे काकू. 'पाहणी'. पाहणी म्हणे. गाडीवाल्याकडे नाही गेले.

आबांनी आतून ताट आणलं, चार ग्लास भरलेले. मी डोळ्यांनी खुणावलं, जारमध्ये तळाशीच होतं. ते म्हणाले, "पाहुन्याला पानी बी इचारू नये का?"

सेक्रेटरी: "नको नको, पाणी वाचवू या." दुसरे: "आत्ताच पिऊन आलो." तिसऱ्यांनी नुसता हात केला. काकू फोटोकडे बघत होत्या. ग्लास ताटातच. टाकीभोवती फिरले, बोट लावून काच वाजवली. "रविवारी मीटिंग आहे. टाकी रिकामी करायचा ठराव मांडावा लागेल. समजून घ्या."

पाण्यावरून हिशेब द्यायची आमच्या घराला सवय आहे, आजोबांपासून, कुणाच्या आडावर प्यायलं म्हणून. पण आता तर न पिताच हिशेब मागायला लागले.

ते गेल्यावर आबा ताट घेऊन टाकीपाशी. म्हटलं, हळू, कडेनं, एकदम नको. एकेक ग्लास धार धरून ओतला, चारही. पाणी बरोबर काचेवरच्या खुणेपर्यंत आलं. मग वाकून बाईला म्हणाले, "तुला चालतंय न्हवं आमच्या घरचं?"

मी मोरीत जाऊन रडले.

शनिवार
बाई पहाटे वाळूतून उठून काचेवर आलेली. वीतभरच. टोक अजून पांढरं. बरं आहे की वाईट, कळत नाही.

मीटिंग उद्या, आणि सेक्रेटरींचा निरोप, ती आमच्याच घरी घ्यायची म्हणे, टाकी समोर असावी म्हणून. आबांनी ग्लास घासून पालथे घातलेत. सगळी कॉलनी आली तरी ते सगळ्यांना पाणी ठेवणार. मी अडवणार नाही.