मला फक्त कट्टा हवा होता

द्वारका, नवी दिल्ली

ती. भालचंद्रदादास,

गुणवंताचा दंडवत. तुझे गुडघे, कवळी आणि शेजाऱ्यांशी चाललेलं भांडण, सगळं ठणठणीत असेल अशी आशा आहे. आम्ही इकडे मजेत. (हेमलता पत्र वाचणार आहे, म्हणून मजेत.)

निवृत्त झाल्यापासून मी घरात असतो, ही गोष्ट तिच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. केंद्र सरकारने मला इतकी वर्षं कसं सांभाळलं याचं तिला हल्ली कौतुक वाटतं. संध्याकाळी तरी खाली जाऊन बसत जा, म्हणाली. बसायचं कुठे? आमच्या सोसायटीला काँक्रीटचं भारी प्रेम. रस्ता काँक्रीटचा, अंगण काँक्रीटचं, कचऱ्याचा हौद काँक्रीटचा. कडुनिंबाच्या बुंध्यालाही काँक्रीट ओतून ठेवलंय, झाड पळून जाईल म्हणून. माणसाने टेकावं असं मात्र वीतभर काँक्रीट नाही. तेव्हा ठरवलं, गेटजवळ एक छानसा कट्टा बांधून घ्यायचा. चार माणसं जमतील, गप्पा होतील. घरात बोलायला मला परवानगी लागते, हे तुला माहीत आहेच.

आता माझी हिंदी. (हसू नकोस, ऑफिसच्या हिंदी पखवाड्यात मला बक्षीस मिळालं होतं.) वॉचमन श्यामला गाठून मी सांगितलं, "भैया, रिटायर हो गया हूँ, अब मुझे एक कट्टा चाहिए. यहीं गेट के पास." श्याम पांढराफटक पडला. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

तासाभरात सेक्रेटरी अनुरागजी कमिटीच्या दोघांना घेऊन घरी हजर. (तिघेही दाराजवळच उभे राहिले, याचा अर्थ मला नंतर कळला.) "अंकल जी, किसी से कोई रंजिश है?" मी म्हटलं, छे, माझं कुणाशी वैर कसलं, चार यार-दोस्त जमवायचे आहेत. ते एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात हेमलता चहा घेऊन आली आणि कौतुकाने म्हणाली, "इनको तो कॉलेज से कट्टे का शौक है. पूना में सुबह-शाम वही चलता था." चहा कुणी घेतला नाही.

शेवटी आमची मैत्रेयी ऑफिसातून आली. दिल्लीत वाढलेल्या या पोरीला मराठी कट्टा ठाऊक नाही, हिंदी बरोब्बर ठाऊक. "बाबा, कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल असतं, यार!" सोसायटीने माझ्या निवृत्तीनंतरच्या योजनांबद्दल काय समजूत करून घेतली असेल, तुझं तूच ताड.

खुलासा झाल्यावर परवानगी मात्र झटक्यात मिळाली. पिस्तुलानंतर मी काहीही मागितलं असतं तरी कमिटीला ते सात्त्विकच वाटलं असतं. मग मिस्त्री आला. (आता तरी मी शहाणा झालो असेन असं तुला वाटत असेल.) त्यालाही मी कट्टाच सांगितला. दुसऱ्या दिवशी गेटजवळ सिमेंटचं एक पोतं टाकून स्वारी हसतमुखाने उभी. "लो जी, आपका कट्टा." इथे पोत्यालाही कट्टाच म्हणतात! आपण ज्यावर बसतो त्याला म्हणे चबूतरा म्हणायचं. ती सोय कबुतरांसाठी असते असा माझा इतकी वर्षं समज होता.

असो. चबूतरा झाला. तुझ्या इंजिनिअरी हुकमाप्रमाणे रोज पाणी मारलं. (कुंड्यांना कधी घातलं नाही, याची घरात नोंद झाली आहे.) आता तो असा पक्का झालाय की तू बांधलेले पूल लाजतील.

तुझा धाकटा,
गुणवंत

ता. क. हेमलता म्हणते, खरं ते लिही. खरं असं, की माझ्याशेजारी कुणी बसतच नाही. गोष्ट सोसायटीभर झाली, खुलासा कमिटीपाशीच राहिला. मी 'कट्टेवाले अंकल' झालोय. लोक लांबूनच अदबीने नमस्ते करून पाय उचलतात. माझ्या पार्किंगमध्ये कुणी गाडी लावत नाही. इतका मान नोकरीत कधी मिळाला नव्हता, आणि इतकं एकटंही कधी वाटलं नव्हतं.

ता. ता. क. वहिनी गेल्यापासून तू तिकडे एकटाच असतोस. महिनाभर इकडे ये. दिल्लीच्या हवेचं कारण सांगू नकोस, खिडक्या लावून घेऊ. "गुण्या, सरक तिकडे" म्हणून मला ढकलून बसणारं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.