बोगादीची गुरं

५ जुलै
शनिवारी पोरीचं, मासेगोचं लग्न. सेरोवेहून सासरची मंडळी मुलीबद्दल द्यायची बोगादीची गुरं घेऊन येणार. नवऱ्याने, लेरूमोने, विचारलं, "रंग कुठला?" मी म्हटलं, "जावयाचा?"

पोरगी जन्मली त्याच्याही आधीपासून आम्ही दोघं हेच करतोय. लाल, बिनशिंगी तुली जातीची गुरं. अंगावर मांस कसं धरतात! वळू आणायचा तर मी त्याची आई बघते, लेरूमो आजी. त्याशिवाय आमच्या गुरांच्या वाडग्यात कोणी शिरत नाही.

९ जुलै
आले. आठ गुरं. ठिपक्याठिपक्यांची, शिंगं चारी दिशांना. त्यात एक वळू — पाठीला बाक असलेला!

बोगादी मिळेल ती घ्यायची, तपासायची नाही. पोर काय विकतोय आपण? पोरीच्या मामांचं भाषण चालू होतं आणि लेरूमो गाईचा जबडा उघडून दात बघत होता. त्याला उठवायला गेले, तर माझीच नजर वळूच्या मागच्या पायांवर पडली. मोठ्यांदा म्हणाले, "हा खच्ची करावा लागेल."

मग विहीणबाई म्हणाल्या, "बाजार भरलाय वाटतं!"

लग्न लागलं. सेस्वा, शिजवून कुटलेलं मांस, चांगलं झालं होतं. दुसऱ्यांदा कोणी वाढून घेतलं नाही.

१० जुलै
आठही गुरं पलीकडच्या कुंपणात. लेरूमो म्हणतो, गोचिडांमुळे. गोचीड एकही सापडला नाही. वळू आता खच्ची करायचीही सोय नाही — आणखी बोभाटा व्हायचा.

२ ऑगस्ट
मासेगोचा फोन. "आई, माझी गुरं कुठंयत?"
वेगळी ठेवलीत म्हटलं, मजेत आहेत.
"म्हणजे बाहेर. मग मीही बाहेरचीच. ती आत घेतलीत की सांग, तेव्हा येईन."
लेरूमो म्हणाला, "गाई माजावर आल्यात. आत्ता तो वळू आत नको." खरं आहे. म्हणूनच वाईट वाटलं.

१९ ऑगस्ट
फोन नाही. लेरूमो गाईंशी बोलतो.

३ ऑक्टोबर
विहिरीवर शेजारीण म्हणाली, "मासेगोला दिवस गेलेत ना? तुला ठाऊक असेलच." ठाऊकय म्हटलं. घरी येऊन घासलेलीच भांडी परत घासली.

पहिल्या बाळंतपणाला पोरगी आईकडे येते. या वाडग्यातली प्रत्येक गाय व्याली तेव्हा मी जवळ होते. पोरीजवळ कोण बसणार — विहीणबाई? रडले.

जेवताना लेरूमोला सांगितलं. मग म्हणाला, "पहिलारू आहे गं ती." आणि उठून गेला.

४ ऑक्टोबर
उजाडताच निघाले. ठरवलं होतं, पलीकडच्या कुंपणाचं फाटक मीच उघडायचं, मग लेरूमो काय बोलायचं ते बोलो. गेले, तर फाटक सताड उघडं. ठिपक्यांचा वळू आमच्या लाल गाईंमध्ये. लेरूमो बादली पालथी घालून बसलेला, वाडग्याकडे पाठ करून.

म्हणाला, "पोरीला फोन लाव. मला बघवत नाहीये, पण लाव."