घड्याळाशेजारचा हिरवा ठिपका

प्रिय ठमे,

हे पत्र मुद्दाम हातानं लिहितोय. लॅपटॉपवर लिहिलं असतं तर पाठवायच्या आधीच तू वाचलं असतंस, अशी मला दाट शंका आहे. हसू नकोस.

गेल्या खेपेला आलीस तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. एरवी माझी जुनी वस्तू दिसली की तुझं डोकं उठतं, आणि या वेळी माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर एकाएकी एवढी माया? मी म्हणत होतो, चाललंय ते ठीक आहे. बटण दाबायचं, चहा टाकायचा, पिऊन कप विसळायचा, तोवर होतो सुरू. पण तू ऐकतेस कसली! नव्यावर पैसे उधळायचे नाहीत, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घालायची, रॅम वाढवायची, बॅटरी बदलायची, की आणखी चार-पाच वर्षं बघायला नको, असं तू दुकानदारासमोरच मला सुनावलंस. मी काउंटरला चिकटून उभा राहिलो. काढलेली डिस्क मागून घेतली आणि पिशवीत टाकली. या लोकांचा काय नेम, चांगलं काढतील आणि भंगार घालतील. पंख्यातून निघालेला धुळीचा बोळा त्यानं समोर धरला, तेव्हा मात्र जरा ओशाळलो.

घरी आणला तर काय, बटण दाबायचा अवकाश की तयार! माझी शब्दकोडी वर्तमानपत्राकडे वेळेआधी जायला लागली, तिथल्या बाई चाट पडल्या. पण मला कुठलं सुख पचायला! हा एवढा गुणी झालाच कसा, म्हणून निरखत बसलो, तर खाली घड्याळाशेजारी एक हिरवा ठिपका. पूर्वी नव्हता. तडक दुकान गाठलं. तर तो म्हणाला, ताईंनीच बसवून घेतलंय, काही अडलं तर लांबून बघता यावं म्हणून.

मला न सांगता? घरी येऊन आधी कॅमेऱ्यावर चिकटपट्टी मारली. मग एकेक आठवायला लागलं. ज्या सकाळी कोड्याला बसायला उशीर व्हायचा, त्या सकाळी तुझा फोन हटकून यायचा. म्हणे सहज केला! आणि फिरून फिरून गाडी तिथेच, आता एकटं राहणं पुरे, माझ्याकडे या. माझी खात्रीच पटली की तू माझ्याविरुद्ध पुरावे जमवते आहेस आणि एक दिवस मला या घरातून उचलून नेणार आहेस. तुझी आई गेल्यावर या दोन खोल्या मी एकट्यानं चालवून दाखवल्यात गं. मला त्या सोडायच्या नाहीत. इतका राग आला तुझा की तो ठिपका काढून टाकायला उद्या येतो, असं दुकानदाराला पुन्हा जाऊन सांगून आलो.

ते राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप लागलेला तुला तिकडे दिसला नाही म्हणून तू शेजारच्या नर्सबाईंना फोन केलास. त्यांनी तुला कळवलं की बाबा गाढ झोपले होते. ते खोटं आहे, आणि मीच त्यांना बोलायला लावलं. मी बाथरूममध्ये पडलो होतो. पाय घसरला आणि काही केल्या उठता येईना. हाका मारल्या, कुणाला ऐकू गेल्या नाहीत. फार घाबरलो, ठमे. आता इथेच संपलं सगळं, असं वाटलं. तेवढ्यात बाईंनी त्यांच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे, कमरेला मुका मार बसलाय. बाईंवर रागावू नकोस, त्या रोज येऊन शेकून देतात.

तर तो ठिपका राहू दे. आणि जमेल तेव्हा ये. घर सोडायचा विषय काढलास तर या वेळी मी उठून गॅलरीत जाणार नाही, बसून सगळं ऐकून घेईन. हो म्हणेनच, असं मात्र धरून चालू नकोस.

तुझाच,
बाबा