‘जागे व्हा’ गटात शिरल्यावर

तीर्थरूप मावशी,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? काकांचा खोकला थांबला असेल. मी बरी आहे (म्हणजे दाराला कडी, कडीला टेबल आणि टेबलाला मी, अशी टेकून लिहिते आहे).

झालं असं, की अफवा कशा पसरतात यावर माझी पीएचडी चालली आहे, हे तुला ठाऊकच आहे. नळाच्या पाण्यात कुणीतरी झोपेचं औषध कालवतं, असं मानणाऱ्यांच्या एका ॲपवरच्या पोस्ट मला गोळा करायच्या होत्या. पूर्वी त्या ॲपची कंपनी संशोधकांना त्या एकगठ्ठा द्यायची. आता तिने दार लावून घेतलंय. मग मी एकेक पोस्ट हाताने उतरवायला बसले, तर माझा वेग बघून कंपनीने मला यंत्र ठरवलं आणि खातं बंद केलं. (आई मला आळशी म्हणते, तिला हे जरूर कळव.) शेवटी मार्गदर्शक बाई म्हणाल्या, ‘सरळ लोकांकडे जा आणि परवानगी माग.’ म्हणून दुसऱ्या ॲपवरच्या ‘जागे व्हा’ गटात मी खऱ्या नावाने, फोटोसकट गेले आणि तुमचे मेसेज अभ्यासाला वापरू का, असं नम्रपणे विचारलं. ‘हिला कुणी पाठवलं?’ एवढंच सगळे एकमेकांना विचारत राहिले, आणि संध्याकाळी तिथे माझ्या गल्लीचा फोटो झळकला. तेव्हापासून जिन्यात पाऊल वाजलं तरी मी टेबल दाराशी ओढते. काल बेल वाजली. फटीतून बघते तर हातात पाना घेतलेला माणूस. मी आतूनच विचारलं, ‘तुम्हाला कुणी पाठवलं?’ तो म्हणाला, ‘घरमालकीणबाईंनी. नळ गळतोय ना?’ मालकीणबाईंना फोन करून खात्री केली, मगच कडी काढली. तरी तो गेल्यावर पाणी पिण्याआधी मी पेला उजेडात धरून बघितला. मावशी, आता मला माझीच भीती वाटते.

तुझी भाची

ता. क. थोडे दिवस तुझ्याकडे राहायला येऊ का?

आणखी एक ता. क. भीती हे अर्धंच कारण. गटाचा म्होरक्या टोपणनावाने लिहितो. त्याने आज सगळ्यांना धीर दिला, ‘घाबरू नका, ही पोरगी पालीलासुद्धा भिते.’ हे आपल्या घराबाहेर कुणाला माहीत नाही. गल्लीचा फोटोही काका माझं सामान पोचवायला आले होते तेव्हाचा आहे, टेम्पो दिसतोय. त्यांना इतक्यात काही बोलू नकोस. त्यांच्याइतकं भरभरून गटात कुणीच लिहीत नाही. आधी मला त्यांचा होकार मिळवून दे, मग भांड.