निळ्या पाण्याची शिशी

४ जानेवारी १९८३, मंगळवार
समुद्रपूरच्या डॉक्टरनं ही वही लिहाले सांगतली. मले साखरेचा आजार निघाला. सकाळी काचेच्या नळीत निळं पाणी घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं अन् रंग पाहायचा. निळाच राह्यला तर बरं. हिरवा, पिवळा, मंग विटकरी. विटकरी सगळ्यात वाईट. पहिलं अक्षर लिहीन.
डॉक्टर म्हणे, "आजी, घरच्या भानगडी लिहू नका, रंगच लिहा."
वही माही हाय. काईबी लिहीन.
आज वि.

९ जानेवारी, रविवार
मध्या आला वर्ध्याहून. एकुलता एक लेक, सरकारी नोकरी, म्हैन्यातून एकदा तोंड दाखवते. म्हणलं, नोकरदाराच्या मायबापाच्या औषधपाण्याचं सरकार देते म्हणे. शिशी, नळी, दिवा, सगळं लिहून दे हापिसात. तोंड असं केलं जसं कच्चं कारलं चावलं.
"पाहतो माय."
दुसऱ्या गोष्टीवर गेला. कापसाच्या भावावर. पि.

२५ जानेवारी, मंगळवार
मध्याचं कार्ड. "हे तपासणीचे सामान आहे, औषध नाही, नियमात बसत नाही." कार्डावर शुद्ध बोलते. डॉक्टरले वाचून दाखवलं. त्यानं चिठ्ठी देल्ली, याच्याशिवाय इलाज होत नाई म्हणून, वर शिक्का. चिठ्ठी मध्याले पाठवली.
शिशीत दोन बोटं पाणी उरलं. आता एक दिवसाआड. हि.

१३ फेब्रुवारी, रविवार
मध्या नाई आला. सुनबाईले पाठवलं. चहा व्हायच्या आधी म्हणे साहेब रजेवर हाये. चहा झाल्यावर म्हणे फाईल नागपूरले गेली. माह्या कपात साखर टाकली, विसरली म्हणे. स्वतःच्या कपात टाकाले नाई विसरली.
शिशी संपली. रंग नाई.

१ मार्च, मंगळवार
रंग नाई, पंधरा दिवस झाले. डाव्या अंगठ्याले ठेच लागलती, ते भरत नाई. डॉक्टर म्हणे, "रंग समजल्याशिवाय गोळी कमी-जास्त कशी करू? पाय जाईल आजी."
मी म्हणलं, तुमच्या तोंडून तर कवाचा गेला.
उद्या सोता जाते हापिसात.

२ मार्च, बुधवार
सातची एस.टी., जामच्या फाट्यावरून वर्धा. मध्या साहेबासंगं दौऱ्यावर. बरंच झालं. बिलं पाहणारा एक चष्मेवाला बाबू होता, भला माणूस, बसाले खुर्ची देल्ली.
"कोणाच्या कोण तुम्ही?"
मध्याचं नाव सांगतलं, म्हणलं, त्याची माय. त्यानं रजिस्टर काढलं. बोट फिरवलं. बोट थांबलं.
"त्यांच्या आई तर वारल्या, आजीबाई. दोन वर्षं झाली. डोक्याचे केस काढून आले होते कामावर. मीच नाव खोडलं."
रजिस्टर माह्याकडे फिरवलं. माहं नाव, वरून लाल रेघ, बाजूले 'मयत'. अक्षर चांगलं हाय बाबूचं.
बाबू खाली माह्या पावलाकडे पाहून राह्यला. म्हणलं, "सरळच हायेत, उलटे नाईत. नीट पाहून घ्या."
मंग आठवलं. दोन वर्षापहिले मध्या सासरच्यायसंगं तिरुपतीले गेलता. साहेब सुट्टी देत नाई म्हणे. मंग कशी भेटली, ते मी इचारलं नव्हतं. चकोट करून आला, मले प्रसादाचा लाडू देल्ला. अख्खा खाल्ला मी. माह्या तेरवीचं मीच जेवली.
बाबूले म्हणलं, मी मावशी त्याची. म्हातारपणी भुलते माणूस. त्याले पटलं का नाई, ठाऊक नाई. पाणी पाजलं त्यानं.

४ मार्च, शुक्रवार
तलाठ्याकडून हयातीचा दाखला घेतला.
"आजी, तुम्ही जित्या आहा हे कोणाले दाखवायचं हाये?"
"माह्या लेकाले."
हासला. मी नाई हासली. शिक्का नीट उमटला नव्हता, दुसऱ्यांदा माराले लावला.

६ मार्च, रविवार
बाबूनं सांगतलं असन. मध्या धावत आला, पाया पडला, रडला. "माही नोकरी जाईन, माय."
म्हणलं, "माहा तं जीव गेला, मी रडली का?"
दाखला दुरून दाखवला. पेटीत टाकला, किल्ली कमरेले. अट सांगतली. दर रविवारी यायचं. शिशी सोता आणायची. दिवा सोता लावायचा. माह्या लघवीचे आठ थेंब सोता मोजायचे अन् रंग मले सांगायचा.
नाकाले रुमाल लावला त्यानं.
"काढ तो. तुहं मी पाच वर्षं धुतलं, काई लावलं नाई नाकाले."
आज वि. 

२७ मार्च, रविवार
तीन रविवार झाले. वि., वि., पि. अंगठा तसाच.

३ एप्रिल, रविवार
डोळ्यावर जाळं आलं. काळं-पांढरं दिसते, रंग नाई समजत. सारं चहासारखं. नळी मध्या पाहते.
"निळा हाय, माय."
नि.

१० एप्रिल, रविवार
नि. म्हणे. पेढा आणला. "एकानं काई होत नाई." मी खाल्ला. गोड लागला, खोटं कशाले लिहू.
डॉक्टरले निळा सांगतला, त्यानं गोळी अर्धी केली.

१७ एप्रिल, रविवार
नि. पुन्हा पेढा. घसा सुकते. उठून-उठून पाणी पेते. अंगठा काळा दिसते, पण मले आता सारंच तसं दिसते.

२४ एप्रिल, रविवार
नि.
"आता बरी झाली तू, माय. तो दाखला दे, फाडून टाकू. कोणाच्या हाती लागला तं…"
म्हणलं, पुढच्या रविवारी.
जाता-जाता पेटीवर हात फिरवून पाह्यला. मले दिसत नाई समजला.

२५ एप्रिल, सोमवार
सकाळी न्हाणीत मुंग्या. मी लघवीले बसते तिथंच. भिंतीपासून मोरीपर्यंत काळी रांग. पाणी ओतलं, गेल्या. चूल पेटवून पाहाले गेली तं परत.
त्यायले कोणी निळा म्हणून सांगतलं नाई.
मध्याले रंग समजत नाई असं म्हणावं, तं लहानपणी झाडावरचा पिकला आंबा खालून बरोबर दाखवे.
मी मेली तं बाबूचं रजिस्टर खरं होते. मंग ना दाखला, ना शिशी, ना रविवार. एवढं त्यानं इचार करून केलं, का नुसतं विटकरी सांगाले भेला…
घरात पेन्सिल एकच हाय, लाल; तिनं मागचे चारी नि. वर रेघ ओढली, बाबूनं ओढलती तशी. बाजूले माह्या हातानं वि., वि., वि., वि.
दाखला पदराले बांधला.
डाव्या पायात चप्पल शिरत नाई. वर्ध्याच्या सातच्या गाडीले अजून अर्धा घंटा हाय.