नानांना ऐकू येत होतं का

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा तुमच्यावरचा संशय अजून गेलेला नाही. घरखर्चाचा हिशेब जुळला नाही तर मी पुन्हा पहिल्यापासून बेरीज करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तसंच तुमचं झालंय. काल चहा घेताना तुमचे चिरंजीव म्हणाले, "मला हल्ली कमी ऐकू येतं." माझी नजर आधी मिक्सरकडे गेली.

तुम्ही कानाचे डॉक्टर, मी नवी सून. शहाद्याच्या दवाखान्यात डबा घेऊन यायचे आणि तुमचं जेवण होईपर्यंत कोपऱ्यात बसायचे. मणिबेलीकडून बोटीनं आणलेलं एखादं मूल समोर असायचं. तुम्ही त्याच्या पाठीमागे उभे राहून डबीतले ज्वारीचे दाणे हलवायचे. मी एकदा उठले तर केवढ्यानं ओरडलात! "पाय वाजवू नको पोरी, बहिरं पोर पायांनी ऐकतं. जमीन हलली तरी त्याला कळतं." ते मी विसरले नाही.

सारंगखेड्याचं ते जोडपंही विसरले नाही. बाई म्हणे, यांना माझं काही ऐकू येत नाही. तुम्ही तिला बाहेर बसवलंत, नवऱ्याच्या हातात पेपर देऊन मोठ्यानं वाचायला लावलंत आणि मध्येच त्याच्या कानाशी मशीनचा घरघराट सुरू केलात. त्याचा आवाज एकदम चढला. तुम्ही हसलात. "भाऊ, तुन्हा कान मन्हापेक्षा चांगला शेतस. बायको काय म्हनस ते आयकत जाय." मग बाईला आत बोलावून काय सांगितलंत? "ताई, कान कमजोर शेतस. चिडीसन बोलू नको, सोबत बशीसन धीरे बोल, त्याले आयकू यी." ती बिचारी हात जोडून गेली. डबा उघडताना तुम्ही मला समजावलंत, की खरा बहिरा असता तर आवाज चढला नसता, त्याला घरघर ऐकूच आली नसती. मी मान डोलावली. पण मनात म्हटलं, हा माणूस संसार टिकवायला सरळ तोंडावर खोटं बोलतो. तेव्हापासून मी तुमच्याकडे जरा बारीक नजरेनं बघायला लागले.

सासूबाई गेल्या आणि तुम्हाला ऐकू येईनासं झालं. तालुक्यातल्या म्हाताऱ्यांच्या कानाला मशीन बसवणारे तुम्ही, स्वतःच्या कानाला हात लावू दिला नाहीत. "आयकानं काय ऱ्हायनं आते?" एवढंच म्हणालात. तुमचे दोघं मुलगे तुमच्या समोर बसून दवाखाना विकायच्या गोष्टी करायचे, तुम्ही भिंतीकडे बघत असायचे. आणि मीही दुपारी तुमच्यापाशी बसून बोलायला लागले. आधी गॅस संपल्याचं, मग जावेचं. एकदा लसूण सोलता सोलता माझ्या पहिल्या मुलीचं निघालं. ती जन्मताच गेली तेव्हा सगळे म्हणाले, देवाची मर्जी. मीही तेच म्हटलं. त्या दुपारी तुम्हाला म्हटलं, "नाना, मी रोज दिवा लावते तो रागानं लावते." देवाला हे सांगायची माझी हिंमत नव्हती, कारण तो ऐकतो. तुम्ही ऐकत नव्हता, म्हणून तुम्हाला सांगितलं.

संध्याकाळी मी देवघराकडे निघाले, तर तुम्ही आधीच उठलेले. जन्मात कधी वात वळली नव्हतीत. "आज मी लावतो पोरी, तू बैस."

हे नानांनी ऐकलं असेल तर? आपल्या मुलाला सांगितलं तर? घरात रोज पूजा करणारी मी, माझ्याविषयी काय बोलतील लोक?

सकाळी तुम्ही जेवणाच्या टेबलाशी गीतेचा अध्याय मोठ्यानं वाचत होता. मी मिक्सर उचलून त्याच टेबलावर ठेवला, त्यात शेंगदाणे घातले आणि बटण फिरवलं. तुमचा आवाज तसूभरही चढला नाही. मी सुटकेचा निःश्वास सोडला. आणि मग बघितलं, टेबल हादरत होतं, तुमचा लांबचा चष्मा सरकत कडेला चालला होता, पुस्तकाची पानं थरथरत होती. ते हादरणं हाताला कळून खऱ्या बहिऱ्यानं मान वर केली असती, नाना. तुम्ही केली नाहीत. ओळीवरून बोटसुद्धा ढळलं नाही.

चष्मा मी पकडला. तुमच्या पुस्तकाशेजारी ठेवला आणि मिक्सर बंद केला. घरात कुणाला माझं काही कळलं नाही, तुम्ही जाईपर्यंत आणि नंतरही.

हे जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर लिहितेय, पाकीट लागणार नाही. एकच सांगायचं राहिलं. त्या सकाळनंतर मी बोलणं थांबवलं नाही. दुपारी सोलायचा लसूण सुपात घेऊन तुमच्या आणखी जवळ सरकून बसायला लागले, आणि आवाज हळू केला.